पिशव्यांपाशी कोण बसणार?

धबधब्याला जाणाऱ्या प्रत्येक घोळक्यात एक बाई अशी असते, जी भिजत नाही. तुम्ही तिला नीट पाहिलं नसेल, कारण तिकडे बघायला कोण जातंय! सगळे पाण्याकडे बघत असतात. ती एखाद्या दगडावर छत्री उघडून बसलेली असते. भोवती पिशव्या, मांडीवर पर्सा, मनगटात स्वतःच्या बांगड्यांच्या वर दुसऱ्या कोणाचं तरी घड्याळ. आणि चेहऱ्यावर असं हसू, की चालू द्या तुमचं, मी आहे इथे.

आमच्या घोळक्यातली ती बाई मी. लग्न होऊन डोंबिवलीत आले त्या वर्षापासून.

पहिल्या पावसाळ्यात सासरची सगळी मंडळी बदलापूरकडे कोंडेश्वराला निघाली. मी नवी नवरी, अंगावर नवी साडी, ती भिजली तर रंग जाईल म्हणून सासूबाई म्हणाल्या, "तू बस गं पिशव्यांपाशी." बसले. पुढच्या वर्षी मला दिवस गेलेले. त्याच्या पुढे मुलगा कडेवर. मग मुलगी. मग मुलं मोठी झाली तर सासूबाईंना सोबत हवी म्हणून मी त्यांच्याजवळ. मग त्या गेल्या, तर माझा गुडघा धरला. कोणी जबरदस्ती केली असं एकदाही झालं नाही हो. दर वर्षी एक चांगलं, पटण्यासारखं कारण असायचंच. आणि दहा-पंधरा वर्षांनी कारण लागेनासं झालं. गाडीतून उतरलं की लोक आपोआप माझ्या हातात पिशव्या देऊ लागले.

आता तुम्ही म्हणाल, पिशव्या सांभाळण्यात काय एवढं? तर तसं नाही. त्याचं एक तंत्र आहे. पाण्यापासून किती लांब बसायचं, तर तुषार अंगावर येणार नाहीत पण हाक ऐकू येईल इतकं. सगळ्या पिशव्यांचे बंद एकत्र करून त्यांतून आपला पाय घालून बसायचं, म्हणजे माकडाने एक ओढली तरी सगळं दुकान उठत नाही. कोरडे कपडे तळाशी, त्यावर खाणं, सर्वांत वर टॉवेल, कारण पाण्यातून कुडकुडत आलेला माणूस आधी टॉवेल मागतो आणि मग लगेच पुरी. चष्मे कधी पर्समध्ये टाकायचे नाहीत, चष्मे पदरात. एकदा आमच्या चुलतसासऱ्यांनी रुमालात गुंडाळून काहीतरी दिलं, "सूनबाई, हे जपा," म्हणाले. मी आपलं सुपारीचं खांड वगैरे असेल म्हणून मुठीत धरून बसले. नंतर उघडून बघते तर त्यांची दातांची कवळी!

मोबाइल आल्यावर तर विचारूच नका. पिशव्या वाजायला लागल्या. एकदा कोणाचातरी फोन थांबेचना, मी उचलला. पलीकडून गृहस्थ म्हणाले, "आहेत का ते?" मी म्हटलं, "आहेत ना, धबधब्याखाली आहेत. काही निरोप?" आमच्या दिरांनी त्या दिवशी ऑफिसात ताप आल्याचं कळवलं होतं, हे मला कोणी सांगितलं होतं का? पण दीर अजून माझ्याशी त्या विषयावर बोलत नाहीत.

असो. सांगत होते ते यंदाचं.

यंदा माझ्याकडे कारणच उरलं नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, डॉक्टर म्हणाले जिने चढा, फिरा, फक्त मांडी घालू नका. धबधब्याखाली मांडी घालून कोण बसतंय? मुलं आपापल्या मार्गाला. नवी साडी भिजण्याची भीती, तर मी गुपचूप शिंप्याकडे जाऊन एका जुन्या साडीचा पंजाबी ड्रेस शिवून घेतला. आयुष्यातला पहिला. मनाशी ठरवलं, की यंदा आपण पाण्याखाली उभं राहायचं. पोहायचं नाही, नाचायचं नाही. नुसतं उभं राहायचं, डोक्यावर पाणी घ्यायचं आणि बाहेर यायचं. एकदा. सत्तरी दाराशी आली, आता नाही तर मग कधी?

हे मी फक्त माझ्या नणंदेला सांगितलं. यांची मोठी बहीण, ठाण्यात कोलशेतला असते, मी त्यांना वन्सं म्हणते. सहलीच्या आदल्या संध्याकाळी त्या आमच्याकडे मुक्कामाला आल्या होत्या. भाजी निवडताना मी हळूच सांगितलं. त्यांनी मेथीची काडी हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"तू पाण्यात?"

"हो."

"मग पिशव्यांपाशी कोण बसणार?"

बघा! पडशील, घसरशील, सर्दी होईल, काही नाही. सरळ पिशव्या.

"ठेवू की गाडीत," मी म्हटलं.

"गाडी तो ड्रायव्हर बंद करून जेवायला जातो. गेल्या वर्षी नाही का गेला?"

"मग तुम्ही बसा थोडा वेळ."

"मी?" वन्संनी अशा सुरात विचारलं, जसं काही मी त्यांना खिडकीतून उडी मारायला सांगितलं. "अगं, मला सवय नाही वहिनी."

सकाळी माळशेजला जायला बिल्डिंगच्या खाली टेम्पो ट्रॅव्हलर उभी. घरच्या मंडळींची सहल आता बायकांची झालीय, आम्ही सगळ्या बिल्डिंगमधल्याच, शिवाय वन्सं आणि माझी सून. सगळं ठरवणाऱ्या आमच्या सेक्रेटरीणबाई. म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी त्यांचे मिस्टर, पण कारभार ह्या बघतात. मी ड्रेस घालून खाली उतरले तर वॉचमनने आधी ओळखलंच नाही. सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "अय्या, कॉलेजला निघालात का?" मी म्हटलं, "हो, ॲडमिशन मिळतेय का बघते." सून मात्र माझ्या ओढणीची गाठ नीट करत कानात म्हणाली, "आई, मस्त दिसताय." पोरगी कमी बोलते पण वेळेवर बोलते.

शहाडचा पूल ओलांडला, रायत्याला उल्हास नदी दुथडी चाललेली पाहिली, आणि एमआयडीसीचा तो वास नाकातून गेला एकदाचा. आमच्या डोंबिवलीत पावसाळ्यात हवेला कधी कधी औषधाच्या दुकानासारखा वास येतो, त्याची इतकी सवय आहे की तो गेल्यावरच कळतं की होता. मुरबाड सोडल्यावर दोन्हीकडे भाताची खाचरं, आणि समोर डोंगरांवर पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. एकेक रेघ म्हणजे एकेक धबधबा. मी मोजत नव्हते, पण मनात म्हणत होते, ह्यातला एक माझा.

माळशेजच्या अलीकडे गाड्यांची रांग. पुढे पोलिस उभे. धबधब्यांवर उतरायला बंदी! दर वर्षी होते, पेपरात येते, आणि दर वर्षी आपल्याला वाटतं ती दुसऱ्यांसाठी आहे. सेक्रेटरीणबाई खाली उतरल्या. "अहो साहेब, आम्ही सगळ्या सीनियर सिटिझन आहोत."

"म्हणूनच म्हणतो मावशी, नका जाऊ," तो पोलिस म्हणाला. चांगला मुलगा होता. "काल वरून दगड आलेत. गाडी थांबवू नका, काचेतून बघा आणि परत फिरा."

काचेतून! मला रडूच यायचं बाकी राहिलं. वन्सं माझा हात दाबून म्हणाल्या, "जाऊ दे गं, नशिबात नसेल." पण खरं सांगू? त्यांचा आवाज जरा सुटल्यासारखा वाटला मला. पिशव्यांचा प्रश्न सुटला होता ना.

परतीला एका चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाली बाई कांदाभजी तळत होती. आमची तोंडं बघून तिनेच विचारलं, "काय झाला? तोंडां का उतरलीत?" सेक्रेटरीणबाईंनी सगळी कहाणी सांगितली. ती झारा हलवत म्हणाली, "मंग मागं माळावर जावा ना. फुलां पन हायेत न पानी पन हाय. लहानसाच हाय, बुडाचा काय भ्या नाय."

"किती लांब?" सुनेने विचारलं.

"ह्यो काय, गाई चरतान तिथं."

भजी खाऊन निघालो. ड्रायव्हरने गाडी बंद केली आणि तो लगेच जेवायला बसला, वन्संनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, की बघ, सांगितलं होतं ना? त्यामुळे पिशव्या बरोबर घ्याव्या लागल्या. घ्यायच्या कोणी, हे काय विचारायचं? चढ लागला तशी एकेकीची पिशवी माझ्याकडे आली. "जरा धरा हं, मी हिला हात देते." "जरा धरा, चप्पल अडकली." "जरा धरा, फोटो काढते." वर पोचेपर्यंत माझ्या दोन्ही खांद्यांवर आणि दोन्ही कोपरांत पिशव्या लटकत होत्या, आणि गळ्यात सगळ्यांच्या मोबाइलची प्लास्टिकची थैली. ती थैली सेक्रेटरीणबाईंची आयडिया, वॉटरप्रूफ. नंतर मी त्यांना त्यासाठी मनापासून धन्यवाद दिले, तेही सांगते पुढे.

आणि वर पोचलो तर काय! अहो, माळ म्हणजे मला वाटलेलं नुसतं गवत. तर पायाखाली, दगडावर, बांधावर, जिकडेतिकडे फुलं. पिवळी सोनकी अशी पसरलेली की जशी कोणी हळद सांडून तशीच ठेवलीय. मधेमधे गुलाबी तेरडा. पाणी साचलेल्या कातळावर इवलाली निळी-जांभळी फुलं, चष्मा लावून वाकल्याशिवाय दिसायचीच नाहीत. धुकं यायचं, सगळं पुसून टाकायचं, पुन्हा जायचं आणि फुलं जागच्या जागी. आमच्यातली एकही बाई अर्धा मिनिट बोलली नाही. असं आमच्या बिल्डिंगच्या इतिहासात पहिल्यांदाच झालं असावं.

मग वन्सं तेरड्यासमोर उभ्या राहिल्या. आमच्याकडे गौर तेरड्याची असते. मुखवटा नाही, उभी नाही. मुळासकट तेरड्याची रोपं आणायची, त्यांनाच गौर म्हणून पुजायचं, हळदीकुंकू वाहायचं. पूर्वी कोलशेतला वन्संच्या घरामागे खाडीच्या बाजूला चिक्कार तेरडा उगवायचा. आता तिथे टॉवर झाले, गौर बाजारातून जुडी बांधून येते. आठ-दहा दिवसांवर गणपती आले होते. सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "घ्या ना उपटून थोडा. कोण बघतंय?"

"छे छे," वन्सं म्हणाल्या, "अशी का आणतात गौर? अजून तिचा दिवस कुठाय?" आणि वाकून एका रोपाच्या शेंड्याला हात लावला, हळूच, लहान मुलीच्या हनुवटीला लावावा तसा. "या हं," म्हणाल्या. एवढंच. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "धुकं जातं डोळ्यात."

माळाच्या टोकाला ओढा होता, आणि तो एका कातळावरून खाली पडत होता. आमच्या गॅलरीएवढी उंची असेल, पण खरा धबधबा. खाली घोट्याएवढं पाणी, त्यातून सपाट दगड. जणू कोणी माझ्याच मापाचा करून ठेवला होता! बायका ओरडतच धावल्या. सेक्रेटरीणबाई तर पहिल्या. वन्संनीही पदर खोचला. त्या दर वर्षी जातात, त्यांचा हक्क आहे.

मी उभी. पिशव्या ठेवायच्या तर कुठे? खाली बघते तर सोनकी. थोडं सरकले, तेरडा. कातळ बघितला, तर त्यावर ती निळी बारकी फुलं, चष्म्याशिवाय दिसलीसुद्धा नसती, पण आता दिसली होती ना! ह्या आठ जणींच्या पिशव्या त्यांच्यावर कशा टाकू? दुसरीकडे गाई चरत होत्या, त्यातली एक आधीच पुऱ्यांच्या पिशवीचा वास घेत जवळ येत होती.

"आई, या ना!" सून पाण्यातून ओरडली.

"आले, आले," मी म्हटलं. पुन्हा भोवती बघितलं. जागा नाही ती नाहीच. गाय अजून जवळ आली.

"अगं ये!" हे वन्सं. वन्सं स्वतः! पाण्यात उभ्या, केस कपाळावर चिकटलेले, हात पुढे केलेला. "ये वहिनी, काय बघतेस? तुला यायचंय ना?"

आणि मी निघाले. चपला काढल्या, ड्रेसचे पाय वर केले, दगडावर पाय नीट रोवला, सुनेचा हात धरला, दुसऱ्या हाताने वन्संचा धरला, आणि गेले धारेखाली.

मला नेहमी वाटायचं पाणी मऊ असेल. लांबून बघून तसंच वाटतं हो, कापसासारखं पडतंय. तर ते कसलं मऊ! खांद्यांवर कोणी मूठमूठ खडे मारतंय तसं लागलं. श्वासच बंद झाला. कानांत दुसरा आवाज नाही. डोळे उघडले तर सगळं पांढरं. मला काय वाटलं ते नेमकं सांगता येत नाही, पण मी हसत होते, आणि हसता हसता तोंडात पाणी जात होतं, आणि तरी हसत होते. मधेच एकदा मनात आलं, बाई, अंग किती जड झालंय! धबधब्यात माणूस जड होतो की काय? असेल, पाण्याचं वजन असेल.

हळूहळू लक्षात आलं की आवाज कमी झालाय. पाण्याचा नाही, बायकांचा. मी डोळे पुसून पाहिलं तर सगळ्या धारेबाहेर उभ्या, रांगेने, आणि माझ्याकडे बघतायत. सेक्रेटरीणबाईंचा हात तोंडावर.

"काय झालं?" मी विचारलं.

सून म्हणाली, "आई... पिशव्या."

मी खाली बघितलं. दोन्ही खांद्यांवर, दोन्ही कोपरांत, सगळ्या पिशव्या जशाच्या तशा. एकही खाली ठेवली नव्हती. आठ जणींचे कोरडे कपडे, टॉवेल, पुऱ्या, वर वन्संचा लोकरी स्वेटर, सगळं घेऊन मी धबधब्याखाली उभी होते. पिशव्यांच्या तळातून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. आयुष्यभर त्या इतक्या अंगाच्या झाल्या होत्या, की ठेवायच्या राहिल्यात हे मला कळलंच नाही!

"माझा कोरडा गाऊन!" एक ओरडली.

"पुऱ्या!" दुसरी.

"अहो, मोबाइल!" तिसरी. मोबाइल वाचले. सेक्रेटरीणबाईंची थैली. मी तिथेच त्यांच्या पाया पडले.

मला वाटलं, आता ह्या चिडणार. हक्कच होता त्यांचा. पण वन्संना आधी हसू फुटलं. त्या अशा हसायला लागल्या की दगडावर बसल्याच, पाण्यात. "आयुष्यात," म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात गेली, तर पिशव्यांना पण अंघोळ घालून आणली!" मग काय, कोणालाच आवरेना. ती गायसुद्धा बघत उभी राहिली.

"आता बाहेर काय येता?" सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. "कपडे भिजलेच आहेत. घ्या अजून दहा मिनिटं."

मी पिशव्या सुनेकडे दिल्या, तिने त्या सरळ पाण्यातच ठेवल्या, आणि मी पुन्हा आत गेले. ह्या वेळी मोकळी. पहिल्यापेक्षा हेच जास्त आवडलं, खरं सांगते.

परत टपरीवर आलो ते सगळ्या ठिबकत. टपरीवालीने चूल पुढे ओढली, चहा ठेवला, आणि आमच्या पिळलेल्या कपड्यांची माळ तिच्या ताडपत्रीच्या दोरीला टांगली. ड्रायव्हरने सीटवर पेपर पसरले. पुऱ्यांचा लगदा गाईलाच दिला. मी विचारलं, "कोणी रागावलंय का माझ्यावर?" तर मागच्या सीटवरून आवाज आला, "रागावलोय तर! पण थंडीने दातच वाजतायत, बोलणार कसं?"

सगळ्या हसत होत्या तेव्हाच सुनेने माझ्या गळ्यातल्या थैलीतून आपला फोन काढून व्हिडिओ घेतला होता. आम्ही कल्याणला पोचायच्या आत तो बिल्डिंगच्या ग्रुपवर. यांचा फोन आला. "ती पिशव्या घेतलेली कोण?" यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमचीच बायको." तर म्हणाले, "बरी आहेस ना? आलं घालून चहा ठेवतो."

दुसऱ्या दिवशी जरा शिंका आल्या, बाकी काही नाही.

गणपती झाल्यावर पाऊस पुन्हा लागला तेव्हा ठाण्याला वन्संकडे गेले होते, आम्ही दोघी येऊरला गेलो. तिथल्या ओढ्याला लहानसं पाणी पडतं. तिथे कॉलेजातल्या मुलींचा एक घोळका होता. त्यातल्या एकीने माझ्याकडे पाहिलं. काय माहीत, माझ्या चेहऱ्यावरच लिहिलेलं असेल! फोन आणि पर्स पुढे करून म्हणाली, "काकू, प्लीज जरा धराल?"

मी हात पुढे केलाच होता. पण वन्सं मधे आल्या. "अगं बाळा, तिच्याकडे नको देऊस," म्हणाल्या. "ती सामानासकट पाण्यात शिरते."

मुलगी दोन पावलं मागेच सरकली, पर्स छातीशी धरून. मी चपला काढल्या आणि निघाले.